हडळीचे पाय उलटे असतात, पण हडळ आहे का?

प्रश्न बीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा आहे, थोडक्यात असा: "देव म्हणजे सगळ्यात परिपूर्ण, आता अस्तित्वच नसेल तर तो परिपूर्ण कसला, म्हणजे देव आहेच. हे वाचून पहिल्यांदा हसू आलं, पण चूक नेमकी कुठंय ते बोट ठेवून सांगता येईना. कांटनं हे संपवलं असं नोट्समध्ये आहे, ते खरंय का? आणि आपल्याकडं कुणी असं काही म्हणलंय का?"

मी सोलापुरात 28 वर्षं तर्कशास्त्र आणि धर्माचं तत्त्वज्ञान शिकवलं, आता रिटायर आहे, बाहेर ऊन असं की पाच वाजेपर्यंत दार उघडायची सोय नाही, त्यामुळं उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

हसू सगळ्यांनाच येतं. वर्गात दरवर्षी यायचं. मागच्या बाकावरून एकजण हमखास म्हणायचा, "काय बे, नुसती व्याख्या करून देव काढला होय!" आणि मग त्याला उभं करून, बरं मग चूक दाखव, म्हणलं की गडी गप्प. या युक्तिवादाची गंमतच ही आहे की खोटा आहे हे पोटातून लगेच कळतं आणि का खोटा ते सांगायला साडेनऊशे वर्षं लागलीत, अजून चाललंयच.

मूळ माणूस अँसेल्म. जन्म इटलीतल्या आओस्ताचा, 1033 चा, पण हे लिहिलं तेव्हा फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात होता, कँटरबरीचा आर्चबिशप झाला तो पुढं 1093 मध्ये. 1077-78 च्या सुमाराला त्यानं 'प्रोस्लोगियॉन' लिहिलं. त्याच्या चरित्रकारानं, ईडमरनं, एक किस्सा सांगितलाय तो मला फार आवडतो. अँसेल्मला असा एकच युक्तिवाद पाहिजे होता की ज्याला दुसऱ्या कशाचा टेकू लागू नये, त्यापायी त्याचं जेवण-झोप उडाली, आणि एकदाचं सुचल्यावर त्यानं तो मेणाच्या पाट्यांवर लिहून काढला तर त्या पाट्या हरवल्या, परत लिहिल्या तर सकाळी फुटून पडलेल्या सापडल्या. मग तुकडे जोडून वाचलं आणि चर्मपत्रावर उतरवून घेतलं.

त्याचं म्हणणं तुमच्या नोट्समध्ये आहे त्यापेक्षा जरा सावध आहे. तो 'देव परिपूर्ण आहे' इथनं सुरू करत नाही. तो म्हणतो, देव म्हणजे ज्याच्याहून थोर असं काही कल्पनेतच आणता येत नाही ते. आता बायबलच्या स्तोत्रात एक मूर्ख आहे, मनातल्या मनात म्हणतो देव नाही. अँसेल्म म्हणतो, या मूर्खालासुद्धा हे शब्द कळतात की नाही? कळतात. म्हणजे ती वस्तू त्याच्या डोक्यात तरी आहे. पण नुसती डोक्यात असण्यापेक्षा खरोखर असणं जास्त थोर, म्हणजे ती फक्त डोक्यात असेल तर तिच्याहून थोर काहीतरी कल्पता आलं, आणि ती तर अशी वस्तू होती जिच्याहून थोर काही कल्पताच येत नाही. विसंगती. म्हणून ती खरोखर आहे.

यावर पहिला टोला हाणला तो त्याच्याच धर्मातल्या एका संन्याशानं, फ्रान्समधल्याच मार्मूतिए मठातल्या गौनिलोनं. त्यानं मूर्खाचं वकीलपत्र घेतलं. म्हणाला, समज सगळ्या बेटांहून उत्तम असं एक हरवलेलं बेट आहे, तू सांगितलंस ते मला कळलं, आता ते नसेल तर साधं खरं बेटसुद्धा त्याच्याहून उत्तम ठरेल, म्हणून ते बेट आहेच का? अँसेल्मचा मोठेपणा असा की ही टीका आणि तिचं आपलं उत्तर दोन्ही मूळ ग्रंथाला जोडूनच नकला करायला त्यानं सांगितल्या.

वर्गात मी बेटाऐवजी शेंगा चटणी घ्यायचो. जिच्याहून भारी शेंगा चटणी कल्पताच येत नाही अशी चटणी. युक्तिवाद तसाच चालतो, म्हणजे ती चटणी कुठंतरी असलीच पाहिजे, नवी पेठेत शोधा. सगळे खूश. पण इथं थांबायचं नाही, कारण गौनिलोनं चूक आहे एवढं दाखवलं, कुठं आहे ते नाही. शिवाय अँसेल्मवाले म्हणणार की चटणीला 'याच्यापुढं नाही' अशी जागाच नसते. तिखट किती? लसूण किती? उखळात कुटलेली का मिक्सरची? एकाला जी भारी ती दुसऱ्याच्या तोंडाला जाळ. बेटाचं तेच, अजून चार नारळाची झाडं कुणीही वाढवू शकतो. उलट ज्ञानाला शेवट आहे: सगळंच माहीत असणं, त्याच्यापुढं माहीत व्हायला काही उरतच नाही. तेव्हा परीक्षेत गौनिलो लिहून 'अशा प्रकारे खंडन झाले' असं लिहू नका.

आता माझ्या मते खरी मेख कुठंय ते. ही इंग्रजी पुस्तकं वाचून नीट दिसत नाही, मराठीत मात्र चटकन दिसते, कारण आपल्याकडं 'असणं'ची दोन वेगळी रूपं आहेत. 'असतो' आणि 'आहे'.

त्रिकोणाला तीन कोन असतात. इथं आपण 'आहेत' म्हणत नाही. 'असतात' म्हणतो, म्हणजे त्रिकोण नावाच्या चिजेचा स्वभाव सांगतो, त्रिकोण कुठं आहे-नाही याच्याशी देणंघेणं नाही. आमची आजी सांगायची हडळीचे पाय उलटे असतात. बरोबर आहे, उलटेच असतात, कुणी सुलटे म्हणलं तर त्याला हडळीतलं काही कळत नाही. पण हडळ आहे का? तो प्रश्न वेगळा, तो पायावरनं सुटत नाही.

देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1641 मध्ये आपल्या 'चिंतनं' या ग्रंथातल्या पाचव्या चिंतनात जे केलं ते बरोब्बर हेच. तो म्हणतो त्रिकोणापासून तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असणं तोडता येत नाही, दरीशिवाय डोंगर कल्पता येत नाही, तसं परिपूर्ण देवापासून अस्तित्व तोडता येत नाही, कारण अस्तित्व ही एक पूर्णता आहे. आता हे मराठीत म्हणून बघा. 'परिपूर्ण देव अस्तित्वात असणारा असतो.' चालेल, घ्या, वाद नाही. पण त्याला पाहिजे 'आहे'. तीन कोन 'असतात' यावरनं माझ्या वहीत त्रिकोण 'आहे' निघत नाही, तसंच हे. 'असतो'च्या गाडीत बसून 'आहे'च्या गावाला उतरायचं, मधे कुठं गाडी बदलली ते प्रवाशाला कळू द्यायचं नाही. त्याच काळातल्या गासेंडी या तत्त्वज्ञानं तेव्हाच देकार्तला तोंडावर सांगितलं होतं की बाबा, अस्तित्व ही पूर्णता नव्हे, अस्तित्व नसेल तर पूर्णताही नाही न् अपूर्णताही नाही.

(देकार्तचा अजून एक आहे, तिसऱ्या चिंतनातला, की माझ्यासारख्या अपूर्ण माणसाच्या डोक्यात परिपूर्णाची कल्पना आली कुठनं, ती परिपूर्णानंच घातली असणार. याच्यावर वेळ घालवायची गरज नाही. थोडं शहाणपण बघितलेला माणूस मर्यादा काढून टाकत टाकत अमर्याद शहाणपणाच्या कल्पनेपर्यंत पोचतो, त्याला वरनं कुणी घालायला लागत नाही.)

मग कांट, जर्मन तत्त्वज्ञ. ग्रंथ 'शुद्ध बुद्धीची मीमांसा', 1781. या युक्तिवादाचं 'सत्ताशास्त्रीय युक्तिवाद' हे जे नाव तुम्ही रट्टा मारता ते नाव त्यानंच रूढ केलं. त्याचं म्हणणं की 'असणं' हे खरं विधेय नव्हे, म्हणजे वस्तूच्या वर्णनात भर घालणारा गुण नव्हे. खरे शंभर थालर (तिकडचं तेव्हाचं चांदीचं नाणं) आणि कल्पनेतले शंभर थालर यांच्या वर्णनात एका पैशाचा फरक नाही, फरक फक्त माझ्या खिशात पडतो.

हे थालर कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत. मला स्वतःला हे नीट कळलं ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील चादरीच्या कारखान्यात नक्षीचं काम करायचे, घरात तेलुगू, धंद्यात मराठी-हिंदी, पोरगं एकदा मला घेऊन गेलं. जॅकार्डच्या मागाला नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, एकेक चौकट रंगवून, मग त्यावरनं कार्डाला भोकं पाडायची आणि ती कार्डं मागावर चढवायची. समोर कागद होता, दोन मोर समोरासमोर, कडेला किनार, रंग कुठला, रुंदी किती सगळं. मागाच्या आवाजात काही ऐकू येईना, बाहेर आल्यावर पोरगं म्हणालं, "सर, त्या कागदात एक चौकट लाल केली तर चादर बदलती. पण कागदाच्या कोपऱ्यात 'विणून झाली' असं लिहिलं तर चादरीत एक धागा तरी वाढतोय का?" मी म्हणलं बाबा, तू कांट होतास की रे. पुढं कित्येक वर्षं मी थालर सोडून ती चादरच सांगत होतो.

आणि इथंच माझी चूक झाली, ती सांगतो कारण तुमच्या नोट्समध्येही तीच आहे. कांट सांगून झाला की मी वही मिटायचो. युक्तिवाद संपला, पुढचा टॉपिक. जवळजवळ दहा वर्षं असंच शिकवलं. मग एक वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, मुलगी तशी गप्प असायची, "सर, 'असणं' गुण नाही, मान्य. पण 'नसूच न शकणं' हा तरी गुण आहे का नाही? म्हणजे मी आहे, पण मी नसले असते तरी चाललं असतं. देवाचं तसं नाही म्हणतायत ना ते?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, तास संपायला पाचच मिनिटं होती म्हणून वाचलो. घरी येऊन अँसेल्म परत उघडला तर तिसऱ्याच प्रकरणात तो हेच म्हणत होता! आपण दुसरं प्रकरण शिकवतो, कांटनं त्याला झोडपलं असं सांगतो, आणि तिसरं वाचतच नाही. नॉर्मन माल्कम या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1960 मध्ये नेमकं हे दाखवून दिलंय की तिथं दुसरा, वेगळा युक्तिवाद आहे.

तो दुसरा असा. मी सोलापुरात आहे, पण नसतो तर नसतो, माझं असणं हे आई-बाप, पाणी, अन्न, शंभर गोष्टींवर टांगलेलं. ज्याच्याहून थोर काही नाही असा जो कोण त्याचं असणं असं टांगलेलं नसणार. तो आज आहे उद्या नाही, असला असता तर बरं झालं असतं, असं काही त्याच्याबाबत बोलताच येणार नाही. म्हणजे दोनच वाटा. एक, तो असायलाच पाहिजे. दोन, तो असणं अशक्यच, गोल चौकोनासारखं. मधली 'असला तर असेल' ही वाट बंद. आता दुसरी वाट खोटी ठरवली, म्हणजे तो निदान शक्य आहे एवढं जरी कबूल केलं, की पहिली वाट आपोआप उघडी. शक्य आहे म्हणून आहेच!

अल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1974 मध्ये हेच आधुनिक तर्कशास्त्राच्या भाषेत, शक्य जगांच्या (म्हणजे जग जसंजसं असू शकलं असतं त्या सगळ्या तऱ्हांच्या) भाषेत बसवलं. आणि सांगतो, तर्क म्हणून यात खोट नाही. आधारविधानं, म्हणजे सुरुवातीला गृहीत धरलेली वाक्यं, दिली तर निष्कर्ष निघतो. इथं माझं 'असतो-आहे' पण पुरं पडत नाही, कारण आधारविधानातच एक 'आहे' बसलेला आहे: 'शक्य आहे'.

म्हणून सगळं वजन आता त्या एका शब्दावर. आणि त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, तिथं लोक फसतात, मी पण फसलो होतो.

गोल्डबाखचं उदाहरण घ्या. 1742 मध्ये या गणितज्ञानं ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्र लिहिलं, त्यातनं आलेला अंदाज असा की दोनाहून मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते. 10 म्हणजे 3 अधिक 7, 28 म्हणजे 5 अधिक 23, बसतंय सगळं, पण आजपर्यंत कुणाला सिद्ध करता आलेलं नाही न् खोडताही आलेलं नाही. तुम्ही म्हणणार, "खरं असणं शक्य आहे." बरोबर. "खोटं असणंही शक्य आहे." हेही बरोबर. पण गणित आहे ते, खरं असेल तर असायलाच पाहिजे असं खरं, खोटं असेल तर कुठल्याच जगात खरं होणार नाही. मग तुम्ही म्हणालेलं ते 'शक्य' कुठलं होतं? ते फक्त 'मला माहीत नाही' एवढंच होतं. ते माझ्याबद्दलचं वाक्य आहे, संख्यांबद्दलचं नाही.

देवाचं तेच. 'देव शक्य तरी आहे ना' असं विचारल्यावर भला माणूस लगेच हो म्हणतो, त्याला वाटतं आपण मोकळ्या मनानं 'मला माहीत नाही' म्हणतोय. आणि समोरचा ते 'हो' उचलून दुसऱ्या अर्थाच्या खात्यात जमा करतो. नीट विचारायचं असेल तर असं विचारायला पाहिजे: 'सगळं जाणणारा, सगळं करू शकणारा, पूर्ण चांगला आणि नसूच न शकणारा' या कल्पनेत कुठंही आतून विसंगती नाही हे तुला माहीत आहे का? आता पटकन हो म्हणून बघा. आणि उलटंही करून बघा, 'असा कुणी नसणं शक्य आहे' हेही तितकंच निरागस वाटतं, ते कबूल केलं तर त्याच यंत्रातनं 'तो नाहीच, असूच शकत नाही' बाहेर पडतं. प्लँटिंगा स्वतः हा माझा पुरावा आहे असं म्हणत नाही. ते आधारविधान मानणं वेडेपणाचं नाही, त्यामुळं निष्कर्ष मानणंही वेडेपणाचं नाही, एवढंच तो म्हणतो. मला हे प्रामाणिक वाटतं.

देकार्तनंतरच्या लाइबनित्स या जर्मन तत्त्वज्ञाला ही भानगड फार आधीच दिसली होती. तो म्हणाला देकार्तचं अर्धंच काम झालंय, आधी परिपूर्ण देव शक्य आहे हे दाखवा. त्याचं उत्तर होतं की पूर्णता म्हणजे साधे, निव्वळ भावरूप गुण, त्यात 'नाही' असं काहीच नसतं, मग एकमेकांशी भांडायला त्यांना जागाच कुठंय. 1676 मध्ये हेगला स्पिनोझा या तत्त्वज्ञाला भेटला तेव्हा त्यानं हे त्याला लिहूनही दाखवलं. ऐकायला झकास आहे. पण पूर्ण न्याय आणि पूर्ण दया घ्या. न्याय म्हणतो ज्याचं जेवढं तेवढं त्याच्या पदरात घाल, दया म्हणते जाऊ दे, सोड. दोन्ही शंभर टक्के एकाच हातात कसे राहणार हे अँसेल्मलाही टोचत होतं, त्याच ग्रंथात पुढं त्यानं त्यावर बराच घाम गाळलाय.

कॉम्प्युटरनं देव सिद्ध केला अशी बातमी तुम्ही कुठंतरी वाचलीच असणार, म्हणून तेवढं सांगून टाकतो. कुर्ट गोडेल, विसाव्या शतकातला बहुतेक सगळ्यात मोठा तर्कशास्त्रज्ञ, त्यानं लाइबनित्सच्याच वाटेनं 'भावरूप गुण' घेऊन एक चिन्हांकित सिद्धता मांडली. 1970 मध्ये डाना स्कॉट या तर्कशास्त्रज्ञाला दाखवली, पण छापली नाही, लोकांना वाटेल हा देव मानतो, तो तर फक्त तर्क तपासत होता. छापून आली 1987 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्याच वर्षी सोबेल या तत्त्वज्ञानं दाखवलं की गोडेलची गृहीतकं घेतली तर जे जे घडतं ते सगळंच अनिवार्य होऊन बसतं, म्हणजे आज मी चहात साखर जास्त घातली तेही टळणं शक्य नव्हतं. देव मिळाला पण बाकी कुणालाच काही निवडायला उरलं नाही, सौदा महागच. 2013 मध्ये बेंत्समुलर आणि वोल्टसेनलोगेल पालेओ या दोघांनी ते कॉम्प्युटरवर तपासलं, स्कॉटची आवृत्ती पायरी-पायरीनं बरोबर निघाली, गोडेलच्या मूळ हस्तलिखितात मात्र विसंगती सापडली, ती इतकी वर्षं कुणा माणसाला दिसली नव्हती. तेव्हा कॉम्प्युटरनं तपासलं ते 'हे दिलं तर ते निघतं' एवढंच.

आता आपल्याकडचं. इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. 'पूर्णमदः पूर्णमिदम्' हा मंत्र उत्तरात घालायचा मोह सगळ्यांना होतो, पेपर तपासताना शंभरातल्या साठ वह्यांत असायचा. तो शांतिमंत्र आहे, युक्तिवाद नाही, त्यात 'म्हणून' कुठंच नाही. आणि न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांची 'न्यायकुसुमांजलि' इथं आणू नका, त्यांचा भर मुख्यतः जग हे कार्य आहे, त्याला कर्ता पाहिजे यावर आहे, तो निराळा रस्ता.

खरा जवळचा माणूस पतंजली. योगसूत्र पहिला पाद, 24 वं सूत्र ईश्वर म्हणजे काय ते सांगतं, क्लेश-कर्म वगैरेंचा स्पर्श नसलेला विशेष पुरुष. आणि 25 वं: 'तत्र निरतिशयं सर्वज्ञबीजम्'. यावर व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रावरच्या जुन्या टीकेत, अनुमान आहे. ज्ञान कमी-जास्त असतं, एकाला थोडं, दुसऱ्याला त्याहून जास्त. जे जे असं कमी-जास्त होतं त्याला कुठंतरी टोक असतं, परिमाणासारखं. म्हणजे आकार लहान-मोठे होत होत जसे एका टोकाला जातात, तसं ज्ञान वाढत वाढत जिथं टोकाला पोचतं, ज्याच्यापुढं अतिशय नाही, तो सर्वज्ञ, तोच ईश्वर. 'निरतिशय' हा शब्द बघा, अँसेल्मच्या 'ज्याच्याहून थोर नाही'च्या किती जवळ बसतो, आणि हे त्याच्या कित्येक शतकं आधीचं. पण चाल वेगळी. अँसेल्म व्याख्येतनं निघतो, हे पायऱ्यांवरनं वर चढतात. तेराव्या शतकात अॅक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञानं अँसेल्मचा युक्तिवाद नाकारला आणि स्वतःच्या पाच मार्गांपैकी चौथा नेमका असाच पायऱ्यांचा केला, कमी-जास्त चांगलं, कमी-जास्त खरं, म्हणजे सर्वात जास्त असं काहीतरी असणार.

अडचण दोघांची एकच. जे कमी-जास्त होतं त्याला टोक असतंच, हे कुणी सांगितलं? संख्या घ्या, एक दोन तीन, कमी-जास्त आहेतच, सगळ्यात मोठी कुठली? कुठलीही सांगा, मी एक मिळवतो. आणि टोक असलं तरी तिथं कुणी बसलेलं आहे हे कुठनं आलं? वर्गात सगळ्यात उंच कोण ते निघतं, पण ज्याच्याहून उंच कुणी असूच शकत नाही असा निघत नाही. व्यासभाष्याच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की ज्ञानाचं संख्येसारखं नाही, जाणण्याजोगं जे जे आहे त्याची बेरीज झाली की पुढं काही नाही, मग टोक निदान कल्पता तरी येतं. मला हे बरंचसं पटतं. पण कल्पता येणं म्हणजे परत तेच, 'सर्वज्ञ असा असतो', 'आहे' अजून लांबच.

तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचा प्रश्न तोच असतो, सर तुम्ही मानता का. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, नंदीध्वज निघतात तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा असतो, हात आपोआप जोडले जातात, आणि ते अँसेल्ममुळं जोडले जात नाहीत. या युक्तिवादामुळं देव मानायला लागलेला एकही विद्यार्थी मला 28 वर्षांत भेटला नाही, आणि कांट वाचून यात्रेला जायचं सोडलेलाही नाही.

राहिली परीक्षा. पंधरा मार्काला आला तर अँसेल्मची दोन्ही प्रकरणं वेगवेगळी मांडा, गौनिलो चार ओळीत, कांट एका पानात, पण कांट दुसऱ्या प्रकरणाला लागतो आणि तिसऱ्याला तसाच लागत नाही हे एक वाक्य जरूर टाका, तपासणाऱ्याचं पेन तिथं थांबतं. मग 'शक्य'चे दोन अर्थ. पतंजली विचारला नसला तर शेवटी दोन ओळीच. आणि सूत्र पाठ असलं तर संस्कृतात लिहा, नसलं तर सरळ मराठीत अर्थ लिहून मोकळ्या व्हा, 'निरतिशय'च्या जागी 'निरतिशयोक्ती' लिहिलेल्या वह्या मी स्वतः तपासलेल्या आहेत.